आग्नेय कोपऱ्यातलं सोनं

वास्तुपुरुषाला पालथा निजवतात, ही गोष्ट चिंदरकरांच्या घरात मालनला सोडून कोणालाच ठाऊक नव्हती. त्यामुळे शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यात, फरशी काढून केलेल्या वीतभर रुंदीच्या उथळ खड्ड्यापाशी गुरुजींनी "आता प्रतिमा" एवढं म्हणताच तिनं ती बरोबर पालथी धरून पुढे केली. गुरुजींनी मान डोलावली. तेव्हा मालननं पदर सारखा करता करता सगळ्या पाहुण्यांवरून, विशेषतः समोरच्या फ्लॅटमधल्या कमळाबाईवरून, एकदा नजर फिरवून घेतली. करी रोडच्या चाळीत एका खोलीत तिनं अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला होता. आता त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर, तिला स्वतःचा आग्नेय कोपरा मिळाला होता. एवढी मिजास तिला शोभत होती.

चूक झाली ती त्यानंतरच्या पाच मिनिटांत, आणि तीही अशी की दुसऱ्या कोणत्या घरात झालीच नसती.

बाजारातून आणलेली पंचरत्नांची पुडी गुरुजींनी उघडली, त्यातला पिवळा तुकडा उजेडाकडे धरला आणि नाक मुरडलं. "हे पितळ आहे, आजी. चालवून घेतात लोक. पण घरात नवं, कोरं सोनं असेल तर कणभर द्या. अंगावरचं नको."

घरातलं सगळं सोनं कोणाच्या ना कोणाच्या अंगावर होतं. नवं, कोरं असं एकच होतं. आदल्या संध्याकाळी नात आकांक्षा ते बापाच्या वडाळ्याच्या गाळ्यावरून घेऊन आली होती. बोटभर काचेची बाटली आणि तिच्यात वाटाण्याएवढा मणी. कपाटं अजून खोक्यांत होती, म्हणून तिनं बाटली आजीच्या हातात दिली. "देवापाशी ठेव गं आजी. सोमवारच्या कामाचं आहे."

मालननं ती समईच्या मागे ठेवली होती आणि झोपायच्या आधी दोनदा बघून आली होती. तिच्या गावी पहिल्या भाताच्या लोंब्या घराच्या दाराला बांधतात. त्याला नवं म्हणतात. नवं आधी घराचं, मग माणसांच्या तोंडात. तिच्या नातीनं कचऱ्यातल्या मोबाइलांतून सोनं पिकवलं होतं. मग हे नवं नाही तर काय? सोमवारी लागेल तर आपल्या पाटलीतलं तेवढं कापून देऊ, सोनं ते सोनं, असा हिशेब तिनं उभ्या उभ्या केला, बाटली हातावर उपडी केली आणि मणी सात धान्यांत आणि दहीभातात खोचून टाकला. पुढल्या अर्ध्या तासात वर फरशी बसली. टॉवर मिळाल्याच्या दिवशीसुद्धा मालनचा ऊर इतका भरून आला नव्हता.

चार वाजता शेवटचे पाहुणे गेले. आकांक्षा माटुंग्याला तिच्या प्रयोगशाळेत निघायची म्हणून देव्हाऱ्यापाशी आली.

"आजी, बाटली रिकामी का आहे?"

"रिकामी कशी? आतला ठेवलंय मी जाग्यार."

"कुठल्या जागेवर?"

मालननं हसून स्वयंपाकघराकडे बोट केलं. "थंय. घराच्या पोटात. कमळाबाय डोळे फाडून बघी होती."

आकांक्षा हसली नाही. रिकामी बाटली हातात धरून तिनं पप्पांना हाक मारली.

*

मालनचा थोरला मुलगा राजेश बाहेर भाड्याच्या खुर्च्या एकात एक घालत होता. पोरीचा आवाज त्याला आला आणि आवाजाच्या जातीवरूनच तो ओळखून चुकला की काहीतरी मोठं मोडलंय. चाळीस वर्षं त्यानं बंद पडलेल्या वस्तूंचे आवाज ऐकले होते. आधी टीव्ही, मग कॉम्प्युटर, मग मोबाइल. दुरुस्ती संपली आणि भंगार उरलं, तेव्हा त्यानं वडाळ्याला गाळा घेतला. त्या गाळ्यामागे तो पूर्वी वायरी जाळून तांबं काढायचा, आणि नववीतल्या आकांक्षानं त्या धुराच्या पायी त्याच्याशी आठ दिवस अबोला धरला होता. त्यानंतर त्यानं वायर जाळली नाही. ही गोष्ट तो आल्यागेल्याला सांगायचा. पोरीनं आपल्याला सुधारलं हे सांगण्यात बापाला किती सुख असतं, ते त्याच्या तोंडावर दिसायचं.

तो मणी दोघांनी मिळून काढला होता. जुन्या मोबाइलांमधल्या सर्किटच्या एकवीस किलो पट्ट्या राजेशनं हातानं सोडवल्या. त्या विरघळवणं, गाळणं, सोनं खाली बसवणं आकांक्षानं केलं. सात महिने लागले. तो आत आला तेव्हा त्याचा धाकटा भाऊ गंगाधर, गंगाधरचा मुलगा मयूर आणि राजेशची बायको दर्शना असे सगळे त्या नव्या फरशीभोवती गोल करून उभे होते. आत पुरलेलं काहीतरी बोलेल अशी वाट पाहत असावेत.

"आये, विचारायचंस तरी," राजेश म्हणाला.

"काय विचारूचा? माज्या पाटलीतला देतंय ना! चार गुंजा जास्त घे." मालननं पाटली काढायला घेतली, पण ती मनगटातून सुटेना.

"पाटली राहू दे आजी," आकांक्षा म्हणाली. ती रडत नव्हती. "सोमवारी नऊला प्लॅस्टिक कंपनीची गाडी येणारे. चारशे ग्रॅम कॅटलिस्ट द्यायचाय मला. त्यांच्या रिअॅक्टरमध्ये चाचणीची ही वेळ मिळायला चार महिने घालवलेत. आज ते सोनं विरघळवलं तर उद्या कोळशाच्या खडीवर चढेल, रात्रभर सुकेल. नाहीतर गेलं."

कॅटलिस्ट म्हणजे काय, हे या घराला आकांक्षानं मागच्या गणपतीत समजावलं होतं, आणि मालननं ते ताबडतोब आपल्या भाषेत आणलं होतं: लग्न जुळवणारी बाई. दोघांचं जमवून देते आणि आपण कोरडीच्या कोरडी बाहेर. दोन वायू त्या खडीवरून गेले की त्यांचं जमतं आणि त्यांतून पाइपांचं, वायरींच्या सालींचं प्लॅस्टिक होतं. जुन्या पद्धतीत हे जमवायला पारा घालतात. हा पारा नुसता मध्यस्थी करून थांबत नाही. तो हळूहळू उडतो आणि हवेत, पाण्यात, माणसांत जाऊन बसतो. त्याच्या जागी सोनं चालतं.

"मग सोपं आहे," गंगाधर म्हणाला. तो विमा कंपनीत अधिकारी होता आणि कुठलीही गोष्ट सोपी आहे असं म्हणूनच सुरुवात करायचा. "भोईवाड्यात आपला सोनार आहे. मी फोन करतो. चार ग्रॅम शुद्ध सोनं अर्ध्या तासात घरी. तुझंही भागलं, वास्तूही शाबूत."

"काका, तसं नाही चालणार."

"का? सोनं ते सोनं."

मालनला बरं वाटलं. निदान एकाला तरी कळत होतं.

"सोनाराचं सोनं चालतं हे जगाला आधीच माहितीये," आकांक्षा म्हणाली. "आपलं चालतं का, ते बघायचंय. त्यात तांबं राहिलंय, थोडं पॅलेडियम राहिलंय. कचऱ्यातून आलेलं, थोडं अशुद्ध, तरी चालतं, हाच तर सगळा मुद्दा आहे. कागदावर मी लिहिणार, जुन्या मोबाइलांच्या एकवीस किलो पट्ट्यांतून काढलेलं. आणि आत भोईवाड्याचं?"

"कोण बघायला येतंय?"

"मी आहे ना बघायला."

राजेशला त्या क्षणी तिला उचलून घ्यावंसं वाटलं. एकोणतीस वर्षांची बाई झाली म्हणून त्यानं नुसतं नाक ओढलं आणि म्हणाला, "मग फरशी काढू. मयूर?"

मयूर फ्लोअरिंगची कामं घ्यायचा. ती फरशी त्यानंच बसवली होती. त्यानं गुडघ्यावर बसून कडेला अंगठा दाबला. "फरशी चिकटवायचं केमिकल ओलंय अजून. सहापर्यंत पातं घातलं तर अख्खी निघेल. उद्यावर गेलं की मग ग्राइंडर. आणि ग्राइंडर लावला तर आतल्या देवाचंही काही सांगता येत नाही."

"खबरदार!" गंगाधर ओरडला. "सकाळी निजवलेला वास्तुपुरुष संध्याकाळी उकरायचा? कुठं ऐकलंय? उद्या घरात काही झालं, बाबांना काही झालं, तर जबाबदार कोण? सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी उरात मारून घेत नाही, दादा."

"पप्पा, मी काढतो पटकन, कोणाला कळणारपण नाय," मयूर म्हणाला.

"तू गप बस. समोर कमळाबाई राहते. तिला कळलं म्हणजे तळमजल्यापर्यंत कळलं."

आता राजेशनं दर्शनाकडे पाहिलं. आकांक्षाच्या पीएचडीसाठी आठ वर्षं सासरच्या प्रत्येक बाईशी भांडलेली ही बाई. ती आपल्या बाजूची असणार यात त्याला शंकाच नव्हती.

"गंगाधरभावोजींचं बरोबर आहे," दर्शना म्हणाली.

"मम्मी!"

"अगं, तुझ्यासाठीच सांगतेय. उद्या तुझा प्रयोग फसला तर सगळे म्हणतील, वास्तू उकरली म्हणून फसला. आयुष्यभर म्हणतील. मला ते ऐकवणार नाही." तिचा आवाज फाटला. "कंपनीला सांग ना, दुसरी तारीख द्या म्हणून."

राजेशनं मनात मतं मोजली. एकटा मयूर आपल्या बाजूला, आणि त्याचं कोण ऐकतो.

*

गंगाधरला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर पुतणीचं "मी आहे ना बघायला" त्याच्या कानात अडकून बसलं होतं. दादाच्या घरात नेहमीच काहीतरी थोर चाललेलं असायचं. त्याच्या घरात मात्र वेळेवर हप्ते भरले जायचे. टॉवरच्या कागदपत्रांसाठी अकरा वर्षं त्यानं खेपा घातल्या, आज पूजेला सोवळं नेसून तो धावपळ करत होता, आणि पाहुणे विचारत होते काय, तर आकांक्षाचं कसं चाललंय.

"ती खडी दाखव माका."

सगळे वळले. खिडकीपाशी खुर्चीत बसलेले कुशाबा, त्याचे वडील, सकाळपासून मंत्रांखेरीज काही बोलले नव्हते. पूजेला यजमान म्हणून तेच बसले होते. पळीतलं पाणी तळहातावर येईपर्यंत अर्धं पाटावर सांडत होतं आणि गुरुजी समजूतदारपणे दुसरीकडे बघत होते. गंगाधरनं मात्र शरमेनं मान खाली घातली होती. मग त्या शरमेचीच त्याला शरम वाटली होती.

आकांक्षानं पर्समधून छोटी बरणी काढली. पहिल्या छोट्या प्रयोगातून उरलेली चमचाभर खडी तिच्यात होती. जुन्या, याहून लहान मण्यापासून केलेली. तिनं ती आजोबांच्या तळहातावर ओतली. नारळाच्या करवंटीचा कोळसा, ज्वारीच्या दाण्याएवढा, काळाभोर. हात थरथरत होता तसे दाणे एकमेकांवर वाजत होते.

"ह्याच," कुशाबा म्हणाले. "अशीच होती."

ते काम करायचे ती कापडगिरणी बंद पडल्यावर ते कल्याणच्या पलीकडे एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात लागले होते. नऊ वर्षं. तिथलं काय ते घरात कधी बोलले नव्हते. हात का थरथरतात असं कोणी विचारलं तर "वय" म्हणायचे. वय तेव्हा पन्नाससुद्धा नव्हतं.

"उंच नळ्ये होते. त्यात ही खडी भरलेली. खडी मेली की आमी उतरून फावड्यान काढायचो. तोंडाक फडको बांधून. पारो होतो तिच्यात, ता आमका कोणी सांगूक नाय." त्यांनी एक दाणा बोटांनी धरायचा प्रयत्न केला. तो निसटला. "साहेब लोक तपासूक येयत, त्या दिवशी आमका दुसऱ्या शेडीत धाडीत. तपासणी झाली की परत ह्या शेडीत. कागदार सगळा बरोबर होता. कागद बरोबर आणि हात गेले."

कुशाबांनी मान वर करून नातीकडे बघितलं.

"चेडवा, ह्यात पारो आसा?"

"नाही आजोबा. कणभरसुद्धा नाही."

"मगे काय आसा?"

"सोनं. पप्पांच्या गाळ्यावरचं."

कुशाबांनी खडीवर मूठ मिटली. मग म्हणाले, "तर मगे कागदार खोटा लिवचा नाय. ज्या आसा ताच लिवचा. काढा ती लादी."

गंगाधरला बाकी कोणाचं तोंड दिसेना. त्याला दिसत होती चाळीतली ती खोली आणि शेजारच्या गिरणीचा सकाळी सहाचा भोंगा. तो तेव्हा दहा वर्षांचा होता. कारखान्याच्या गाडीची वेळ झालेली असायची आणि बाबा दारापाशी छाती पुढे करून उभे राहायचे, कारण त्यांना सदऱ्याची बटणं लावता यायची नाहीत. ती गंगाधर लावायचा. वरून खाली पाच. दादा तेव्हा दुकानात जायला लवकर निघायचा, त्यामुळे हे काम धाकट्याचं. रोज बटणं लावून तोच बापाला त्या पाऱ्यात पाठवत होता, आणि त्याला ते कळलं नव्हतं. आता घरातल्या एका पोरीनं त्या खडीतला पारा काढून टाकला होता, आणि तो तिला भोईवाड्याच्या सोनाराचा नंबर देत होता.

"मयूर," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "पातं दे इकडं."

"पप्पा, मी करतो ना, तुमच्यानं..."

"दे म्हटलं ना."

दर्शनानं डोळे पुसले आणि गुपचूप देव्हाऱ्यातली समई उचलून त्या फरशीपाशी आणून ठेवली. तिची बाजू बदलली हे सांगायला तिला तेवढं पुरलं.

*

अडली ती मालन.

"मी घातलंय आणि तुमी काढतास," ती फरशीवर मांडी घालून बसली होती. "माका कोणी विचारतास? माका काय कळत नाय? मी पोरीचा वायट केलंय काय?" आता ती रडायला लागली. हुंदके देत, लहान मुलीसारखी. "पयला पिकला ता घराक दिलंय. ह्याच माजा चुकला."

आकांक्षा तिच्या शेजारी बसली. तिला आजीचा राग आला होता, खूप आला होता, आणि तो कधी गेला ते तिला समजलं नाही. सात महिने ती त्या मण्याला नमुना क्रमांक चार म्हणत होती. या घरात एकटीनं, त्यातलं काही न कळता, त्याला पीक म्हटलं होतं.

"आजी, तू बरोबरच केलंस. फक्त थोडं लवकर केलंस. अजून पिकायचंय ते."

मालननं पदरानं तोंड पुसलं आणि तिच्याकडे बघितलं.

"तू घातलंस, तूच माग," कुशाबा खुर्चीतून म्हणाले. "चोरून काढूचा नाय. गाऱ्हाणा घाल."

"मी? गाऱ्हाणा तुमी घालूचा."

"माजो आवाज खंय पोचता आता. तू घाल."

चिंदरकरांत गाऱ्हाणं बाईनं घातल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. गावच्या देवळात पुरुष घालतात. बाया मागे उभ्या राहतात आणि होकारसुद्धा मनातल्या मनात देतात. मालननं पन्नास वर्षं तसाच दिला होता, त्यामुळे शब्द न शब्द तिला पाठ होता. ती उठली, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. पहिला शब्द तिनं पुटपुटला. मग मात्र आवाज असा लागला की मयूरनं दचकून पातं खाली ठेवलं.

"बा वास्तुपुरुषा, म्हाराजा! आज हंय चौदाव्या माळ्यार तुका निजयलो, आणि दिवस मावळूच्या आधी तुका उठवतंव, ह्यो आमचो गुन्हो, तो पदरात घी रे म्हाराजा!"

पुरुषांनी होकार द्यायचा असतो, आणि राजेश अजून आईकडेच बघत होता.

"व्हय म्हाराजा!" गंगाधर ओरडला. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं.

"ह्या म्हातारीन चेडवाचा सोना न विचारता तुझ्या पोटात घातल्यान. त्या तिका कामाक होया. ता आज उसना दी. आणि ज्या पाऱ्यान ह्या घरच्या धन्याचे हात नेले, तो पारो खंयच्याच घरातल्या कोणाक लागूचो नाय, असा काम तिच्या हातान घडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळेच म्हणाले. आकांक्षाही म्हणाली. प्रबंधात तिनं या कामाचा हेतू दोन पानं लिहिला होता. आजीनं तो एका श्वासात सांगितला.

गंगाधरनं पातं कडेतून फिरवलं. एकदा चुकलं, मयूरनं हात धरून वळवलं. दुसऱ्यांदा फरशी चर्र करून सुटली आणि अख्खी हातात आली. दहीभात तसाच होता, वर झेंडूची पाकळी. आकांक्षानं दोन बोटांनी मणी काढला, नळाखाली धरला, उजेडात बघितला.

"खराब तर नाय ना झाला?" मालननं विचारलं.

"दहीभातानं सोन्याला काही होत नाही, आजी." मणी बाटलीत पडला तेव्हा टिणकन वाजला, आणि दर्शना इतक्या वेळानंतर पहिल्यांदा हसली.

मयूर नवं केमिकल कालवायला लागला.

"थांब रे," मालन म्हणाली. "पोट रिकामा ठेवून बंद करूचा नाय." पुन्हा तिनं पाटलीला हात घातला, आणि घालता घालता तिची नजर कुशाबांच्या मुठीकडे गेली. खडी अजून त्यांच्याच हातात होती. इतका वेळ त्यांनी ती खाली ठेवलीच नव्हती.

"बाय गो, ह्यात सोना आसा म्हणालंस ना?"

"आहे. दिसत नाही, पण आहे."

"आणि ही तूच केलंस? तुझ्या हातान?"

"हो."

"मगे नवा ता ह्याच." मालननं पाटली सोडून दिली. "तो मणी म्हणजे नुसता बियाणा. माका तेव्हाच कळूक होया होता."

कुशाबांना धरून खड्ड्यापाशी आणलं. ते गुडघ्यावर टेकले, मूठ पुढे केली, आणि हात असा हलायला लागला की दाणे फरशीभर झाले असते. गंगाधरनं खाली वाकून दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं, पूर्वी बटणं लावताना धरायचा तसंच. मूठ उघडली. काळे दाणे पांढऱ्या भातावर पडले. एकही बाहेर सांडला नाही.

मयूरनं फरशी बसवली आणि वरून तळव्यानं ठोकली. तेवढ्यात बेल वाजली. दारात कमळाबाई उभी होती. हातात प्रसादाची रिकामी वाटी होती, आणि ती परत करायला तिला नेमकी हीच वेळ सापडली होती. तिची नजर वाटीवर नव्हती, गंगाधरच्या सोवळ्यावर लागलेल्या सिमेंटवर होती.

"अगो बाय! गाऱ्हाण्याचो आवाज इलो म्हणान बघूक इलंय. वास्तू उकरलास काय रे गंगाधरा?"

दर्शना पुढे होऊन काहीतरी बनवून सांगणार, एवढ्यात गंगाधर उठला. पांढरे झालेले हात त्यानं झाकले नाहीत.

"उकरली, मावशी. आमच्या आकांक्षानं केलेलं घालायचं राहिलं होतं," तो म्हणाला. "या आत. आणि दाराशी उभं राहून ऐकू नका, बसून नीट ऐका. तळमजल्यापर्यंत सांगायचंय ना?"